‘लोकांना काही पडलेलंच नाही’ असं ठरवण्याआधी

एका भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून त्यातला तपशील थोडा बदलून सारांश देत आहे. त्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून दोन वर्षं काम करत आहेत. उपकेंद्राला चार गावं जोडलेली आहेत. त्यांपैकी साधारण बाराशे वस्तीच्या एका गावाने त्यांना अगदी थकवलं आहे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीला चौघं येतात आणि बाकीच्या सह्या आशाताई घरोघर फिरून आणतात. समितीच्या निधीतून गेल्या वर्षी खुर्च्या आणि पंखा आला, तो कुणी ठरवला हे त्यांनाही माहीत नाही. महिलांच्या रक्ततपासणीसाठी शिबिर ठेवलं, दवंडी दिली, तरी अकराच जणी आल्या. पावसाळ्यात जुलाबाची साथ आली तेव्हा लोक म्हणाले, “मॅडम, ते तुमचं काम आहे, तुम्ही करा.” सरपंच म्हणतात, दंड लावू. एका कार्यकर्त्याने सुचवलं, शिबिराला येणाऱ्याला भेटवस्तू द्या. कुणी तर रेशन अडवा असंही म्हणालं. शेवटी त्या विचारतात, “या लोकांना स्वतःच्या आरोग्याचं काही पडलेलंच नाही. त्यांना सहभागी करून घ्यायचं तरी कसं?”

ताई,

तुमचं पत्र वाचताना ‘या लोकांना’ या शब्दांशी थांबलो. पत्रातूनच दिसतं की तुमची तळमळ खरी आहे. पण लोकांना काही पडलेलं नाही, या निष्कर्षाला आधार काय आहे? ते बैठकीला येत नाहीत, एवढाच. त्याच गावात मूल तापलं तर आई रात्री दोनला उठून कुणाची तरी गाडी शोधते, दवाखान्यासाठी दागिना गहाण ठेवते, म्हाताऱ्याच्या मोतीबिंदूसाठी भावकी पैसे जमवते. आरोग्याचं पडलेलं नसलेली माणसं हे करत नाहीत. त्यांना पडलेलं नाही ते तुमच्या बैठकीचं, आणि त्याला कारणं आहेत.

पहिलं कारण वेळेचं. बैठक अकरा वाजता, अंगणवाडीत. त्या वेळी गावातल्या निम्म्याहून अधिक बायका रानात असतात. रोजाने जाणारीला बैठक म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणं. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे समितीत किमान १५ सदस्य आणि त्यांत निम्म्या तरी स्त्रिया असायला हव्यात. तुमच्या यादीत त्या असतीलही. पण बैठकीची वेळ ठरवताना त्यांच्यातल्या कुणाला विचारलं होतं का?

दुसरं कारण जास्त खोल आहे. बैठकीत ठरवायला काही उरलेलंच नसतं. विषय वरून आलेला, पंखा आधीच घेतलेला आणि उरते ती फक्त सही. ज्या जागी आपल्या बोलण्याने काही हलत नाही तिथे शहाणा माणूस वेळ घालवत नाही. म्हणून ‘सहभागी कसं करून घेऊ’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि दुसरा विचारा: गेल्या दोन वर्षांत आरोग्याची कोणती गोष्ट गावाने ठरवली आणि ती तशीच झाली? एकही आठवली नाही, तर मालकीची भावना नाही याचं नवल वाटायला नको. ठरवण्याचा, मोजण्याचा आणि ‘हे नको’ म्हणण्याचा हक्क हातात आला की मालकी येते. हजेरी तिच्या मागून येते.

आधी दंड, भेटवस्तू आणि रेशनचं बघू, कारण तुमच्यावर दबाव त्याचाच दिसतो. रेशनचा विषय तर बंदच करा. अन्नसुरक्षा कायद्याने, २०१३ पासून, तो लोकांचा हक्क आहे. तो अडवायचा अधिकार ना तुम्हाला, ना सरपंचांना. दंड पहिल्यांदा त्याच घरावर पडतो जिथे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं आणि शौचालयाला जागा नसते. वजनदार घराचा दंड कोण वसूल करणार? आणि एकदा तुमच्या नावाने दंडाची पावती फाटली की गरोदर बाई तुमच्यापासून लपायला लागते. भेटवस्तूचं नुकसान हळूहळू कळतं. स्टीलचा डबा मिळाला म्हणून दीडशे जणी येतात, फोटो छान येतो आणि पुढच्या वेळी डबा नसला की अकराच्याही सहा होतात. येण्या-जाण्याचा खर्च देणं, जेवणाची सोय करणं, लेकरं सांभाळायला कुणी ठेवणं, हे मात्र जरूर करा. त्याने येणं शक्य होतं.

आता करायचं काय. पुढचे तीन महिने मोठी बैठक बोलावूच नका. घरोघरच्या सह्याही बंद करा. समितीच्या नेहमीच्या बैठकीला चौघं आले तर इतिवृत्तात चारच नावं राहू द्या. वरून विचारणा होईल, ती सोसा. खोटा कोरम गावाला रोज सांगत असतो की हे सगळं कागदापुरतं आहे.

त्याऐवजी लोक जिथे आधीच जमतात तिथे जा: बचत गटाची महिन्याची बैठक, संध्याकाळची दूध डेअरी, भजनी मंडळ, पार. गटात पंधरा-वीस मिनिटंच मागा आणि एक प्रश्न विचारा: “गेल्या वर्षात तुमच्या घरातला सगळ्यात जास्त पैसा कोणत्या आजारपणात गेला?” ‘आरोग्याच्या समस्या काय’ असं विचारलंत तर तुम्हाला खूश करणारी उत्तरं मिळतील. पैशाचा प्रश्न विचारला की खरं बाहेर येतं. कदाचित साप चावल्यावर गाडी न मिळणं पुढे येईल, कदाचित दारू, कदाचित गुडघे. ते तुमच्या रजिस्टरमध्ये नसेल. तरी लिहून घ्या.

मग गावाचा नकाशा रांगोळीने जमिनीवर काढायला सांगा. कागदावर काढू नका, कागद आला की पेन मास्तरांच्या नाहीतर कॉलेजच्या पोराच्या हातात जातं. रांगोळी बायकांच्या हातात राहते. घरं, टाकी, व्हॉल्व्ह, हातपंप, सांडपाणी साचतं ती जागा, लहान मुलांची आणि गरोदर बायकांची घरं. तास-सव्वा तास लागतो. नकाशा झाला की प्रत्येकीला तीन चिंचोके द्या आणि आधी निवडून काढलेल्या अडचणींच्या चित्रांवर ठेवायला सांगा. तिन्ही एकावर ठेवले तरी चालतील. हे बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं आणि प्रत्येक वस्तीवर वेगळं करा.

इथे हमखास बिघडतं ते सांगून ठेवतो. सरपंच किंवा पाटील मधे उभे राहिले की चिंचोके त्यांच्या नजरेकडे बघून पडतात. त्यांना आधीच भेटा, मान द्या आणि शेवटच्या अर्ध्या तासाला निकाल ऐकायला या अशी विनंती करा. उत्साही पोरांना नकाशा वहीत उतरवून घेण्याचं काम द्या, म्हणजे हात गुंततात आणि तोंड मिटतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दलित वस्ती, पारधी पाल, डोंगराकडची वाडी गावठाणातल्या नकाशात बहुतेक वेळा निघतच नाही. त्यांना पारावर बोलावू नका, तुम्ही तिकडे जा. ‘गाव’ म्हणून आपण ज्यांच्याशी बोलतो ते गावातले अर्धेच असतात, हे रांगोळीत पहिल्यांदा दिसतं.

निघालेल्या अडचणींपैकी सुरुवातीला एकच घ्या. निवडताना तीन गोष्टी बघा: तीन महिन्यांत फरक डोळ्यांना दिसावा, लोकांना तो तुमच्याशिवाय मोजता यावा आणि सगळ्या वस्त्यांना त्याचा उपयोग व्हावा. समजा चिंचोके पाण्यावर पडले. साथ नुकतीच होऊन गेली आहे, तेव्हा ते शक्य आहे. मग भाषण न देता सकाळी सहाला, पाणी सुटायच्या वेळी, दहा-पंधरा जणांनी टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत पाइपाच्या कडेने चालत जा. वाटेत व्हॉल्व्हचा चेंबर उघडून बघा. तो बहुधा घाण पाण्याने भरलेला असेल. पाणी सुरू असताना गळती बाहेर येते, म्हणून कुणाला काळजी वाटत नाही. पण पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होताना तेच डबकं आत ओढून घेतो आणि दुसऱ्या सकाळचं पहिलं पाणी ते असतं. हे चेंबरशेजारी उभं राहून दिसतं, तक्त्यावरून नाही.

पुढे टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर. नवी पावडर साधारण ३३ टक्के क्लोरीनची असते. स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम हा ढोबळ हिशेब, म्हणजे पन्नास हजार लिटरच्या टाकीला सव्वाशे ग्रॅम. पावसाळ्यात, गढूळ पाण्याला दुपटीपर्यंत. दुकानातल्या काट्यावर एकदा तोलून प्लास्टिकच्या मगावर खूण करून टाका, म्हणजे मुठीचा अंदाज थांबतो. पावडर थेट टाकीत ओतायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवायची, मग पाणी वाढवायचं, दहा-पंधरा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत सोडायची. त्यानंतर अर्धा तास थांबून पाणी सोडायचं. पोतं उघडं, दमट खोलीत पडलं असेल तर क्लोरीन उडून जातो आणि मग कितीही टाका, उपयोग शून्य. शंका असेल तर पावडरचा नमुना तपासायला पाठवा.

पाणी ठीक आहे की नाही, हे गावाने स्वतः बघायचं. ओटी टेस्ट या क्लोरीनच्या चाचणीचे थेंब नळीतल्या पाण्यात टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. रंग लगेच, दहा सेकंदांच्या आत बघायचा. उशिरा बघितला तर तो आणखी गडद होतो आणि सगळं छान आहे असं वाटतं. तपासलेलं पाणी ओतून द्यायचं, द्रावण मुलांच्या हाती द्यायचं नाही. टाकीजवळच्या पहिल्या नळाला पिवळा आला म्हणून समाधान मानू नका. शेवटच्या नळाला ०.२ पीपीएम (लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन मिळतो का, हा खरा प्रश्न. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणी किटचं प्रशिक्षण द्यायचं आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच कोण, ते शोधा. किट कपाटात पडलेलं सापडेल कदाचित. एचटूएसची बाटली असेल तर तीही वापरा. विष्ठेतले जंतू असतील तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं पडतं. आपल्या नळाची काळी बाटली ज्या बाईने पाहिली, तिला वेगळं आरोग्यशिक्षण द्यावं लागत नाही.

डेअरीच्या भिंतीवर एक फलक करा. तारीख, पहिला नळ, शेवटचा नळ. पिवळा आला तर पिवळा ठिपका, नाही आला तर रिकामं वर्तुळ. लिहायचं शाळेतल्या मुलांनी, तपासायचं त्या पाच जणींनी. तुम्ही खडूला हात लावू नका. पहिल्या आठवड्यात रिकामी वर्तुळं दिसली की गाव टाकीत टीसीएल टाकणाऱ्या जलसुरक्षकावर तुटून पडेल. हे तुम्हाला थांबवावं लागेल. तुटपुंज्या मानधनावर पहाटे उठणारा तो माणूस दुखावला तर टीसीएल टाकणंच सोडेल. प्रश्न वस्तूला विचारायचा: पावडर जुनी आहे का, माप चुकलं का, गळती कुठे आहे? आणि फलकावर पहिल्यांदा सगळे ठिपके पिवळे आले की त्याचं नाव सगळ्यांदेखत घ्यायचं.

आपल्याकडे पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतात. तुमच्या पंचायतीचं कोणतं आहे, हे गावात किती जणांना ठाऊक आहे? ते ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा.

पैशाकडे वळू. समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंत अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे खर्चायचा, निधी मिळतो. बाराशे माणसांत माणशी आठ रुपये. त्यात क्रांती होत नाही, पण ठरवण्याची सवय लावायला तो पुरतो. म्हणून गेल्या वर्षीचा खर्च, खुर्च्या आणि पंख्यासकट, त्याच फलकाशेजारी लिहा. अवघड आहे, मान्य. पण ‘यंदाचे दहा हजार कशाला?’ हा प्रश्न त्याशिवाय खरा वाटणार नाही. गरीब घरातल्या बाळंतिणीला रात्री हलवायची गाडी, चेंबरची डागडुजी अशा गोष्टी लोक पटकन सुचवतात. पाइपलाइन बदलण्यासारखं मोठं काम या निधीचं नाही. त्यासाठी ग्रामपंचायत विकास आराखड्यात शिरावं लागतं, आणि तिथे बायकांच्या हाती एक हुकमी दार आहे: ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं महाराष्ट्रात कायद्यानेच बंधनकारक आहे. तिथे ठराव करून घ्या. ‘पाण्याची सोय व्हावी’ असा ठराव कुणालाच बांधत नाही. ‘अमुक वस्तीवरच्या चेंबरपासून शेवटच्या नळापर्यंतची पाइप, वित्त आयोगाच्या पाणी व स्वच्छतेच्या हिश्श्यातून, अमुक तारखेपर्यंत’ असा लिहिला तर पुढच्या ग्रामसभेत जाब विचारता येतो.

“ते तुमचं काम आहे” या वाक्याने तुम्ही दुखावलात. पण ते निम्मं खरं आहे. औषधं उपलब्ध असणं, उपकेंद्र वेळेवर उघडणं, टीसीएल दर्जेदार मिळणं ही शासनाचीच जबाबदारी आहे आणि लोकांच्या सहभागाच्या नावाखाली ती गावावर ढकलली जाते, हे लोकांनी अनेकदा पाहिलं आहे. म्हणून मालकीची सुरुवात तुमच्या दारापासून करा. उपकेंद्राच्या भिंतीवर औषधांचा साठा लिहा. तुम्ही बैठकीला किंवा प्रशिक्षणाला जाणार असाल तो दिवस आधीच लिहा. आणि तीन महिन्यांतून एकदा समितीला उपकेंद्राचं प्रगतिपुस्तक भरायला द्या. महाराष्ट्रात २००७ पासून पाच जिल्ह्यांत सुरू झालेल्या लोकाधारित देखरेखीत हेच केलं गेलं: गावकऱ्यांनी सेवांना हिरवा, पिवळा, लाल शेरा दिला आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी उत्तरं दिली. तुम्हाला लाल शेरा मिळाला तर वाईट वाटेल. पण ज्या गावाला तुम्हाला लाल शेरा देता येतो, तेच गाव पुढे स्वतःच्या चेंबरलाही लाल म्हणतं.

‘लोक अडाणी आहेत, आधी शिकवायला हवं’ असंही पत्रात एका ओळीत येऊन गेलंय. जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं, तेव्हा गावांनी पुढे केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांत अक्षरओळख नसलेल्या कितीतरी बायका होत्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच आरोग्यदूतांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. हा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तुमच्या आशाताई आज बाळंतिणीकडे ज्या ठरावीक भेटी देतात, त्यामागे हे काम आहे. या बायकांना शिकवलं गेलं, हे खरंच. पण त्याआधी त्यांच्यावर काम सोपवायला कुणीतरी तयार झालं होतं.

तीन-चार महिन्यांनी एक परीक्षा घ्या, स्वतःची. एक महिना मुद्दाम फलकाकडे फिरकू नका. परत आल्यावर तो कोरा दिसला तर हातात खडू घेऊ नका आणि रागावूही नका, का कोरा राहिला ते विचारा. द्रावण संपलं असेल, परीक्षा असतील, त्या पाच जणींत भांडण झालं असेल. प्रत्येक कारणाला वेगळा उपाय आहे आणि तो त्याच सांगतील. तुमची बदली होणारच आहे, तेव्हा हा महिना आत्ताच घेतलेला बरा.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी, याच आठवड्यात, त्या अकरा जणींकडे जा. शिबिरात त्यांचं बोट टोचलं, पण हिमोग्लोबिन किती निघालं हे कुणी त्यांना सांगितलं का? पत्रात त्याचा उल्लेख नाही, आणि बहुतेक शिबिरांत ते राहूनच जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला होता, म्हणजे या अकरांतही पाच-सहा जणी असण्याची शक्यता आहे. प्रत्येकीला तिचा आकडा तिच्या घरी जाऊन, कागदावर लिहून द्या. कमी असेल तर लोहाची गोळी रात्री जेवणानंतर, चहासोबत नाही, शौचाला काळं होईल त्याने घाबरायचं नाही, हे आधीच सांगा. महिन्याने पुन्हा तपासा आणि नवा आकडा जुन्याच्या शेजारी लिहा. मग त्यांनाच विचारा, बाकीच्या जणी का आल्या नाहीत आणि पुढची तपासणी किती वाजता, कुणाच्या ओसरीवर ठेवायची.